विद्यासागर महाराज, शिरपूर आणि आमच्या गावचं गळकं जैन देऊळ : जीर्णोद्धार करायचा तर कसा?

कापूसकोंड्या

मंडळी, मोठा धागा आहे, चहा घेऊन बसा.

आम्ही वाशीम जिल्ह्यातले. सैतवाळ जैन, म्हणजे घरात मराठीच, शेती सोयाबीन-तुरीची, आणि "तुम्ही मारवाडी का हो?" ह्या प्रश्नाला जन्मभर उत्तर देणारे लोक. गावात जैनांची घरं आता बोटावर मोजावी इतकी राहिलीत, बाकीचे अकोला, नागपूर, पुणे. देऊळ मात्र जुनं आहे. खालचं अंग काळ्या दगडाचं, हेमाडपंती, दगडात दगड बसवलेला, मधे चुना नाही. वरचं शिखर केव्हातरी नंतर विटा-चुन्यात बांधलेलं. त्या शिखरात पिंपळ घुसलाय, पावसाळ्यात गाभाऱ्यात बादल्या ठेवून अभिषेक होतो, आणि खांबांवर आजोबांच्या काळापासून ऑइल पेंटचे थर, सगळ्यात वरचा पिस्ता कलर.

आता कमिटी बसली आणि दोन तट पडले. एक म्हणतो सगळं पाडा, आरसीसीत नवं घ्या, मकराना मार्बल लावा. दुसरा (मी त्यात) म्हणतो आहे ते दुरुस्त करा. गंमत म्हणजे दोघंही एकाच महाराजांचा दाखला देऊन राह्यले, दिगंबर जैन मुनी आचार्य विद्यासागरांचा. म्हणून आधी त्यांच्याबद्दल थोडं, मग प्रश्न.

जन्म १० ऑक्टोबर १९४६, शरद पौर्णिमा, बेळगाव जिल्ह्यातलं सदलगा. शेतकरी घर, नाव विद्याधर, घरची भाषा कन्नड. विशीत घर सोडलं, ३० जून १९६८ ला अजमेरला ज्ञानसागर महाराजांनी त्यांना थेट मुनिदीक्षा दिली, क्षुल्लक-ऐलक ह्या मधल्या पायऱ्या नाहीतच. इथपर्यंतचं सगळे सांगतात. मला भिडतो तो नसीराबादचा प्रसंग. २२ नोव्हेंबर १९७२. ज्ञानसागर म्हातारे झालेले, शरीर थकलेलं, सल्लेखना (मरेपर्यंतचा उपास) घ्यायची होती पण अंगावर आचार्यपद असताना ती घ्यायची नाही, आधी पद उतरवायचं. तर त्यांनी काय केलं, सव्वीस वर्षांच्या शिष्याला आचार्य केलं, स्वतःच्या आसनावरून उठले, त्याला तिथं बसवलं, आपण खाली बसले आणि हात जोडून म्हणाले की आता मला तुमचा शिष्य समजा, माझी सल्लेखना तुमच्या देखरेखीखाली होऊ द्या. आपल्याकडं सरपंच खुर्ची कशी सोडतो ते डोळ्यासमोर आणा आणि मग हे वाचा. पुढं १ जून १९७३ ला ज्ञानसागरांची समाधी झाली, तोवर त्या तरुण आचार्याने त्यांची सेवा केली.

नंतर आईवडिलांनीही दीक्षा घेतली, दोन धाकटे भाऊ मुनी झाले, समयसागर आणि योगसागर. आज संघाचे आचार्य समयसागरच आहेत. स्वतः महाराजांनी मीठ, साखर, तेल, फळं, हिरव्या भाज्या सोडलेल्या. दिवसातून एकदा, उभ्यानं, ओंजळीत. विहार पायी, अनवाणी, आणि उद्या कुठं जाणार हे आधी कोणालाच सांगायचे नाहीत, संघातल्या मुनींनाही सकाळी मोरपिसांची पिंछी अन् कमंडलू उचलल्यावरच कळायचं.

त्यांच्या प्रेरणेने उभी राहिलेली देवळं सगळ्यांना माहीत आहेत, कुंडलपूर, अमरकंटक, नेमावर, आपल्या रामटेकचं शांतिनाथ. पण "महाराजांनी बांधलं" असं जे आपण म्हणतो ते काही खरं नाही. दिगंबर मुनी पैशाला शिवत नाही, जमीन खणवणं, झाड तोडवणं हे त्याच्या अहिंसाव्रतात बसत नाही. तो येतो, बसतो, बोलतो आणि निघून जातो. बांधतात ते मागे राहिलेले लोक, आणि कसं बांधायचं ह्याचा घोळ पण तेच घालतात.

२०२२ चा चातुर्मास त्यांनी आमच्या जिल्ह्यात केला, मालेगाव तालुक्यातल्या शिरपूरला. त्या वर्षी शिरपूरकडं निघालेले एक मुनी वाटेत आमच्या देवळात मुक्कामाला थांबले. संध्याकाळी सामायिक (ध्यान) झाल्यावर ते खांबाकडं बघत राहिले आणि विचारलं, ह्या रंगाच्या खाली काय आहे? कोणालाच सांगता येईना, अध्यक्षांनाही नाही. मग दुसऱ्या दिवशी आमच्या एका पोट्ट्यानं नाण्यानं थोडा रंग खरवडला. पिस्त्याखाली निळा, निळ्याखाली गेरू, गेरूखाली चुना आणि त्याच्याखाली दगडात कोरलेली साखळी अन् साखळीला लटकलेली घंटा, कड्या मोजता येतील इतकी स्वच्छ. तोवर ते मुनी पुढच्या गावाला पोचलेले. सगळा वाद त्या घंटेपासून सुरू झाला.

तर प्रश्न असा, कोणाच्या गावात असं काम झालंय का? काय चुकलं, काय जमलं, मोकळेपणानं लिहा.

वऱ्हाडी_ठेचा

काऊन भाऊ, लय भारी लिवलं. म्या काही जैन नाई, कुणबी हाये, पन त्या साली तो विहार म्या पाह्यला. आमचं गाव रस्त्यावरच. सकाळी सात वाजता शेतात डवरणीले निंगालो तर समोरून हे मोठ्ठे लोकायचे लोंढे, अन् मधात महाराज, अंगावर सूत नाई, पायात काही नाई, अन् डांबरी रस्ता आपला कसा हाये तुमाले मालूम हाये, गिट्टी वर आलेली. चालायचा स्पीड असा का पोट्टे मागं पळत होते. आमच्या सरपंचानं झेडपीची शाळा उघडून देली, तिथं थोडा वेळ टेकले. म्हातारी म्हने, इतक्या मोठ्या मानसाले पान्याचा गिलास बी देता येत नाई, हे कसं. तिले कोनीतरी समजावलं का ते दिवसातून एकदाच घेतात, मंग तिनं नुसता नमस्कार केला.

अन् देवळाचं सांगतो, आमच्या महादेवाच्या देवळाले आमदार निधीतून टाइल्स बसवल्या. आता उन्हायात आत पाय ठेववत नाई अन् पावसायात भिंतीतून पानी पाझरते. तुमी नका करू.

चौकावाली

शिरपूरला चातुर्मासात आमचा चौका (मुनींच्या आहाराचं स्वयंपाकघर) होता, म्हणून थोडं माझंही.

लोकांना वाटतं मुनींना आहार देणं म्हणजे स्वयंपाक करून वाढणं. तसं नाहीये. पहाटे उठून विहिरीचं पाणी काढायचं, दुहेरी कापडातून गाळायचं, आणि ते गाळणं तसंच पिळून फेकायचं नाही, गाळलेल्याच पाण्यानं उलटं धुवून ते पाणी बादलीनं परत त्याच विहिरीत, पाण्यापर्यंत खाली नेऊन सोडायचं, वरून ओतायचं नाही, कारण त्यात जे जीव आले ते त्यांच्या घरी गेले पाहिजेत. पीठ घरी दळलेलं, तूप घरचं, कपडे धूतवस्त्र, मग दारात कलश घेऊन उभं राहायचं आणि "नमोस्तु, नमोस्तु, अत्र तिष्ठ" म्हणत पडगाहन, म्हणजे मुनींना थांबायची विनंती. मुनी मनात काहीतरी विधी धरून निघतात, म्हणजे जोडप्याच्या हातात नारळ दिसला तरच थांबेन असं काहीतरी, आणि ते कोणाला सांगत नाहीत. नाही जुळलं तर परत जातात, उपास. जुळलं आणि घासात केस निघाला तर अंतराय, तिथंच ओंजळ सुटते, पुढं दुसऱ्या दिवशीपर्यंत पाणीसुद्धा नाही. आमच्या शेजारच्या चौक्यात एकदा असं झालं, त्या ताई दिवसभर जेवल्या नाहीत.

हे एवढं का लिहिलं, तर इतकं सगळं करून ज्या माणसाला आपण चार घास देतो त्याने सहज एखादं वाक्य म्हटलं की ते वाक्य टाळायची हिंमत होत नाही कोणाची. देवळाला पैसे त्यामुळे उभे राहतात, भाषणानं नाही. माझ्या सासूबाईंनी पाटल्या दिल्या, कोणी मागितल्या नव्हत्या.

शंकासुर

आदर राखून विचारतो. अंगावर धागा नाही आणि नावावर कोट्यवधींची देवळं, ह्यात कोणाला काहीच खटकत नाही का? आणि "महाराज नुसते बोलतात, बांधतात लोक" ही पळवाट नाही का? जैन शास्त्रात कृत, कारित, अनुमोदना तिन्ही मोजतात ना? करणं, करवणं आणि होकार देणं.

दुसरं, कुंडलपूर. दमोह जिल्ह्यातलं. जानेवारी २००६ मध्ये बडे बाबांची, म्हणजे आदिनाथांची ती प्रचंड मूर्ती जुन्या देवळातून काढून नव्या जागी नेली. पुरातत्त्व खात्याने हरकत घेतली, प्रकरण कोर्टात गेलं. जुनं देऊळ राहिलं नाही. मग ह्याला जीर्णोद्धार म्हणायचं का? तुमच्या कमिटीतला पाडा-पाडा गट त्याचाच दाखला देत असणार.

आणि बोलीबद्दल, म्हणजे देवळातल्या लिलावाबद्दल, कोणीच बोलत नाही. पहिला कलश कोणाचा, पहिली वीट कोणाची, लाखाच्या बोल्या. आमच्या ओळखीच्या एका गावात बोली जोरात लागली, टाळ्या वाजल्या, फोटो झाले, आणि निम्म्या लोकांनी पैसे भरलेच नाहीत. शिखर अर्ध्यावर, सळया आभाळाकडं.

कापूसकोंड्या

@शंकासुर, हो, बरोबर त्याचाच दाखला देतात.

कुंडलपूरबद्दल समितीचं म्हणणं होतं की जुनं देऊळ जीर्ण झालेलं, भूकंपाच्या पट्ट्यात, १९९७ चा जबलपूरचा भूकंप ताजा होता, मूर्ती वाचवायची तर हलवलीच पाहिजे. पुरातत्त्ववाल्यांचं म्हणणं की संरक्षित वास्तूला असा हात लावता येत नाही. मला दोन्ही बाजू समजतात आणि तरी जुनं देऊळ गेल्याचं वाईट वाटतं, भक्त असूनही. पण कुंडलपूर वेगळं आणि आमचं वेगळं. तिथं मूर्ती अवाढव्य, मागे अख्खा देश उभा, आणि नवं जे बांधलं ते दगडात, नागर शैलीत. आमच्याकडे काय होणार, तर तालुक्याचा ठेकेदार, बारा एमएमच्या सळ्या आणि वर जाहिरातीतला घुमट. दाखला कुंडलपूरचा अन् काम मंगल कार्यालयाचं.

कृत-कारित-अनुमोदनेचा मुद्दा खरा आहे आणि मुनींमध्येही ह्यावर चर्चा होते, श्रावकाला मंदिराचा उपदेश देणं वेगळं आणि स्वतः आरंभ, म्हणजे बांधकामासारखं जीवहिंसेचं काम, करवणं वेगळं असं मानतात. मला ते पटतं की नाही हे अजून ठरलेलं नाही. बोलीचं मात्र पूर्ण पटलं. आमच्याकडं रोख आल्याशिवाय नाव वाचायचं नाही असा ठराव मी मांडलाय.

मिरचीभजे

पिस्ता कलर 😂 आमच्याकडं पोपटी आहे. विदर्भातल्या समस्त देवळांना एकाच दुकानातून रंग जातो बहुतेक.

दगडचुना

जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीच्या कामात आहे, त्यामुळे हात शिवशिवले.

पहिली गोष्ट, पाडायच्या आधी किंवा काहीही करायच्या आधी देऊळ संरक्षित यादीत आहे का बघा. केंद्राचा कायदा १९५८ चा, राज्याचा १९६० चा. केंद्र संरक्षित वास्तू जवळ असेल तर १०० मीटरच्या आत बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरला परवानगी लागते. यादीत नसलं तरी ट्रस्ट धर्मादायकडे नोंदलेला असेलच, ठराव नीट लिहा. जुन्या मूर्तींची पुरावस्तू म्हणून नोंदणी झालीये का तेही पाहा, १९७२ चा कायदा आहे, आणि गावाकडच्या देवळांतून मूर्ती चोरीला जातात तेव्हा फोटो आणि नोंद नसेल तर सापडलेली मूर्ती आपली म्हणून सिद्धही करता येत नाही.

दुसरं, गळती. सगळे शिखराकडं बघतात, मी आधी जमिनीकडं बघतो. देवळाभोवती दरवेळी कोणीतरी फरशी, काँक्रीट, पेव्हिंग ब्लॉक टाकतं, दर पिढीत वीतभर जमीन वर येते, जोतं गाडलं जातं आणि पाणी आत चढतं. कापूसकोंड्या, तुमच्या देवळाच्या जोत्याचे किती थर दिसतात? दोनच दिसत असतील तर बाकीचे काँक्रीटखाली आहेत. ते काढा, बाहेरच्या बाजूला उतार द्या, निम्मी ओल तिथंच जाईल.

पिंपळ नुसता वरून छाटू नका, तो दुप्पट जोमाने येतो. आणि ओढून उपटलात तर मुळासोबत विटाही येतील. मूळ आतल्या आत मारावं लागतं, हळूहळू, मग ती पोकळी पातळ चुन्यानं भरायची. सिमेंट ग्राउट नको. जुन्या विटेला, दगडाला श्वास लागतो, पाणी आत जातं आणि चुन्यातून बाहेर येतं. सिमेंटनं दारं बंद केली की पाणी दगडातून वाट काढतं आणि दगडाचे पापुद्रे सुटतात, वर पांढरं मीठ फुटतं. हेमाडपंती भागात तर सांध्यात काही भरूच नका, तो बिनचुन्याचाच आहे, खाचा-खुंट्यांवर उभा आहे. दगड सरकला असेल तर उतरवून परत बसवायचा, प्रत्येक दगडावर नंबर टाकून, चारही बाजूंनी फोटो काढून, नकाशावर तोच नंबर लिहून. हे न करता उतरवलेली देवळं शेतात ढिगाऱ्यानं पडलेली मी पाहिलीत, अख्खी, एकही दगड चोरीला न जाता, पण जुळवता येत नाहीत.

ऑइल पेंट काढायला ग्राइंडर, सँडब्लास्टिंग अजिबात नको. एका दुपारी ठेकेदार खांब चकाचक करून देईल आणि तुमच्या घंटेच्या कड्या सपाट. पेंट रिमूव्हर, मऊ ब्रश, लाकडी पाती, आणि धीर. आधी हातभर तुकड्यावर करून बघा.

आणि आरसीसी स्लॅबबद्दल, जुन्या भिंतींवर स्लॅब टाकणं म्हणजे म्हाताऱ्याच्या डोक्यावर सिमेंटची गोणी देणं. सळई गंजली की फुगते आणि दगड फोडते. ज्या महाराजांचं नाव घेऊन हे करणार त्यांच्याच प्रेरणेचं अमरकंटकचं देऊळ दगडात उभं आहे, एवढं तरी कमिटीला सांगा.

शिरपूरकर

धाग्यात शिरपूर आलंच आहे तर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, अंतरिक्ष पार्श्वनाथ म्हणजे मूर्ती जमिनीला टेकत नाही अशी श्रद्धा, खालून कापड सरकवून दाखवतात. कथा अचलपूरच्या ईल राजाची. त्याला कुष्ठ होतं, शिकारीला गेला, एका डबक्यात हातपाय धुतले आणि रोग बरा झाला. मग त्याच पाण्यात मूर्ती मिळाली, गाडीवर घालून नेताना मागं वळून बघायचं नाही अशी अट होती, त्याने बघितलं आणि गाडी पुढं गेली, मूर्ती तिथंच अधांतरी राहिली. गावाबाहेरचं पवळीचं हेमाडपंती देऊळ बघायला तरी या.

वाद दिगंबर-श्वेतांबर. १९०५ ला दोघांच्या पूजेचं वेळापत्रक ठरलं, मग खटले, ते पार लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, १९२९ ला निकाल. १९८१ ला देवळाला कुलूप लागलं. त्यानंतर लोकांनी मूर्तीचं दर्शन घेतलं ते झरोक्यातून. आमची अख्खी पिढी झरोक्याला डोळा लावून मोठी झाली. २०२२ ला महाराजांचा चातुर्मास झाला तेव्हाही मुख्य दार बंदच होतं. फेब्रुवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टाचा आदेश आला, मार्चमध्ये दार उघडलं, आणि लगेच भांडणंही झाली, पोलीस बंदोबस्त लागला.

म्हणून जीर्णोद्धार म्हटलं की मला आधी दगड आठवत नाही. चाळीस वर्षांत त्या मूर्तीवरचा लेप झिजला, कारण तो लेप कसा करायचा, कटिसूत्र (कमरेचा दोरा) दाखवायचं की नाही ह्यावरच भांडण. देऊळ भक्कम, माणसंच एकमेकांना धरून नाहीत.

केसर_चंदन

मी श्वेतांबर, चंद्रपूर जिल्ह्यातला, भद्रावतीजवळचा. शिरपूरकरांनी जे लिहिलं ते बव्हंशी नीट लिहिलं, एक जोड देतो की २०२३ च्या आदेशात व्यवस्थापन आणि लेपाचा हक्क श्वेतांबर संस्थेकडे मानलाय, ते राहून गेलं. वाद घालायचा नाही. आमच्या घरात आजी अंतरिक्षजींचा फोटो पुजायची आणि शेजारच्या दिगंबर काकू पण तोच, फक्त आमच्या फोटोत डोळे मोठे होते.

आणि हो, विद्यासागरजी रामटेकला होते तेव्हा आम्हीपण दर्शनाला गेलो होतो. कोणी विचारलं नाही तुम्ही कोणते म्हणून.

शिरपूरकर

@केसर_चंदन, मान्य. ते लिहायला हवं होतं.

पोथीवाला

देवळांबरोबर कारंजाही घ्या की. कारंजा लाडला भट्टारकांच्या (जैन मठाधिपतींच्या) गाद्या होत्या, सेनगण, बलात्कारगण, काष्ठासंघ, आणि त्यांचे ग्रंथभांडार. तिथल्या अपभ्रंश भाषेतल्या पोथ्या वाचून हिरालाल जैनांनी छापल्या. तेच पुढं अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात प्राध्यापक होते आणि षट्खंडागम ह्या दिगंबरांच्या प्राचीन ग्रंथावरची धवला टीका त्यांच्या संपादनात अमरावतीहून निघाली, पहिला खंड १९३९, शेवटचा म्हणजे सोळावा १९५९ च्या सुमारास. त्याच्या आधी ती ताडपत्रं कर्नाटकातल्या मूडबिद्रीत कुलपात होती, बाहेर येऊ देत नसत. आणि कारंजाचंच महावीर ब्रह्मचर्याश्रम १९१८ चं, ज्यांनी काढलं ते देवचंदजी पुढं समंतभद्र महाराज झाले. त्यांनी देवळं कमी आणि गुरुकुलं जास्त उभी केली. माझ्या मते विदर्भातला सगळ्यात मोठा जीर्णोद्धार तोच, पण त्याला कळस नसल्यामुळे बोली लागत नाही.

कापूसकोंड्या, तुमच्या देवळात जुना कपाटाचा खण असेल तर रंगकामाच्या आधी उघडून बघा. पोथ्या कडुनिंबाच्या पाल्यात बांधून लाल फडक्यात ठेवायचे. सफाईत पहिल्यांदा त्याच बाहेर जातात.

संत्राबर्फी

मी इंजिनिअरिंगला आहे पुण्यात, गावी फक्त पर्युषणात जाते. आमच्या पिढीला खरं तर देवळापेक्षा रामटेकची प्रतिभास्थली (मुलींची निवासी शाळा) आणि हातमागाचं काम जास्त आवडतं. माझी मामेबहीण प्रतिभास्थलीत शिकली. विद्यासागरजींनी हातमागावर जो जोर दिला तो मला त्यांच्या देवळांपेक्षा मोठा वाटतो, कारण त्यात आमच्यासारख्यांना काहीतरी करायला मिळतं. देवळाच्या कामात मुलींना काय, रांगोळी आणि कलशयात्रा.

घंटेचा फोटो टाका ना प्लीज.

चौकावाली

@संत्राबर्फी, पिंछी परिवर्तनाला गेलीस का कधी? चातुर्मास संपला की मुनी जुनी मोरपिसांची पिंछी देतात आणि नवी घेतात. जुनी कोणाला मिळते, तर बोलीनं नाही, जो संयमाचं व्रत घेतो त्याला. आजन्म ब्रह्मचर्य घेणारी जोडपी पुढे येतात. तिथं पैसेवाला मागं उभा असतो. देवळाच्या कामात पण असं काही करता आलं तर बघा, म्हणजे ज्याने उन्हाळाभर खांब घासले त्याच्या हातून पहिला अभिषेक. आणि खांब घासायला मुली का नकोत? ब्रशच आहे ना.

शंकासुर

चौकावालींचा मुद्दा लाख मोलाचा. माझी हरकत मागे घेतलेली नाही, पण हे झालं तर मी स्वतः ब्रश घेऊन येईन. नास्तिक चालेल का?

वऱ्हाडी_ठेचा

चालन ना बे, दगडाले काय मालूम. म्या बी येतो. सोयाबीन निंगाल्यावर ठेवा पन.

कापूसकोंड्या

सगळ्यांचे आभार. एक एक सांगतो.

@दगडचुना, तुमचं वाचून गेलो आणि जोत्याशेजारी कुदळ मारली. पेव्हरखाली काँक्रीट, काँक्रीटखाली शहाबादी, शहाबादीखाली मुरूम आणि मग जोत्याचे आणखी थर, त्यातल्या एकावर हत्तींची रांग. गुडघाभर देऊळ जमिनीत होतं आणि आम्ही त्यावरून चपला काढून चालत होतो. मकराना गटातले दोघं तिथंच बसले बघत. अजून पाडायचं म्हणणारे आहेत, पण आवाज बारीक झालाय.

@पोथीवाला, खण उघडला. एक पोथी आहे, कडा वाळवीने खाल्लेल्या, अक्षर चांगलं आहे. कारंजाला दाखवायला नेणार.

@संत्राबर्फी, फोटो उद्या टाकतो, रेंज नाही. आणि ब्रशच्या यादीत तुझं नाव घातलंय, विचारलं नाही.

मीटिंग झाली. ठरलं ते एवढंच की पावसाळ्याआधी पिंपळ, जोतं आणि शिखराच्या भेगा. रंग सोयाबीन काढणीनंतर. मार्बलवाल्यांना धर्मशाळेची फरशी दिली, तिथं त्यांनी काय लावायचं ते लावावं. बोली नाही, वर्गणी, आणि यादी कट्ट्यावर लावायची. महाराजांचं नाव देऊळाला द्यायचं का ह्यावर तासभर गेला. शेवटी एका म्हाताऱ्या काकांनी विचारलं की ज्यांनी गुरूला आपलं आसन शिष्याला देताना डोळ्यांनी पाहिलं, त्यांना तुमची पाटी कशाला पाहिजे? विषय पुढच्या मीटिंगला ढकलला, म्हणजे मेला.

आता एकच अडलंय. चुन्याचं काम येणारा गवंडी ह्या भागात सापडेना. जे आहेत ते चुन्यात सिमेंटचा "थोडा हात" मारतोच म्हणतात.

दगडचुना

त्या थोड्या हातानेच घात होतो, अजिबात नको. गवंडी मी सुचवतो, व्यक्तिगत निरोप करा, इथं नंबर टाकू नका. तोवर चुना विझवायला खड्डा खणून घ्या. कळीचा चुना आणा, पावडरचा नको. पाण्यात विझवून निदान काही आठवडे पाण्याखाली मुरू द्या, जितका जास्त तितका चांगला, वर पाण्याचा थर राहिला पाहिजे. सोबत वाळू चाळून ठेवा आणि जुन्या भाजक्या विटांची सुरखी (पूड) करा, शिखरातल्या पडलेल्या विटा असतील तर त्याच वापरा. बेलफळं, हिरडा आणि गूळ मळायच्या वेळी लागेल, त्याचं पाणी आधीपासून भिजवायचं असतं, प्रमाण गवंडी त्याच्या हाताने ठरवेल, तुम्ही मधे बोलू नका.

आणि खड्ड्याभोवती काटेरी कुंपण घाला, पोरं अन् वासरं दोन्ही पडतात त्यात.

वऱ्हाडी_ठेचा

बेलफळं माह्या वावरात हायेत. पोतं भरून आनतो, किती पायजेत सांगा.